जुन्या गाडीच्या व्हिनिल पॅनेलना नवा रंग: पोपडे का निघाले आणि आता काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी १९७० च्या दशकातली. दरवाज्यांची आणि मागच्या बाजूची निळी व्हिनिल पॅनेलं उन्हानं विटली आहेत. एका दरवाज्यावर तुम्ही स्प्रेचा डबा मारून पाहिलात. सुरुवातीला छान दिसलं, पण दीड महिन्यात कोपर टेकतं तिथून पोपडे सुटायला लागले. आधी प्रायमर मारायला हवा होता का, आणि सगळंच काळं केलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

प्रायमरची गरज नव्हती. मऊ व्हिनिलवर नेहमीचा प्रायमर मारला तर उलट नुकसान होतं, कारण तो वाळून कडक होतो, व्हिनिल वाकतं आणि मधला थर तडकतो. तुमचा रंग सुटला तो बहुधा व्हिनिलला चिकटलाच नव्हता म्हणून. व्हिनिलवर वर्षानुवर्षं साचलेलं पॉलिश, हातांचं तेल आणि व्हिनिलमधूनच वर आलेला तेलकटपणा यांच्यावर तो बसला होता. तो थर हलला, रंग त्याच्याबरोबर निघाला. या कामातली बहुतेक मेहनत स्प्रे हातात घेण्याआधीची असते, त्यामुळे माझ्या उत्तरातही तोच भाग मोठा आहे.

सगळे याला ‘व्हिनिल डाय’ म्हणतात. त्या नावामुळेच घोटाळा होतो. डाय म्हटलं की कापडात मुरतो तसा रंग आत मुरेल असं वाटतं. व्हिनिल म्हणजे पीव्हीसी, त्याला कापडासारखे धागे नाहीत की चामड्यासारखी छिद्रं नाहीत. डब्यात असतं ते रंगद्रव्य घातलेलं पातळ, लवचीक कोटिंग. त्यातला सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, व्हिनिलचा अगदी वरचा पापुद्रा थोडा वेळ मऊ करतो, कोटिंगमधलं रेझिन त्यात रुततं आणि सॉल्व्हंट उडून जातो. ही पकड जमली तर रंग व्हिनिलबरोबर वाकतो. ती जमण्यासाठी सॉल्व्हंटला थेट व्हिनिल सापडायला हवं, मध्ये दुसरं काही नको.

आणि मध्ये काही ना काही येतच राहतं. पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाच्या पाइपसारखं. १९२६ साली बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमन यांनी त्यात प्लास्टिसायझर मिसळून ते मऊ करायची रीत काढली, म्हणून आज त्याची सीटं आणि पॅनेलं होतात. हा प्लास्टिसायझर पीव्हीसीशी रासायनिक बंधानं बांधलेला नसतो, नुसता आत सामावलेला असतो. गाडी उन्हात तापली की तो सावकाश पृष्ठभागाकडे सरकतो, थोडा हवेतही जातो. समोरच्या काचेवर आतून जो धुरकट चिकट थर बसतो त्यात त्याचाही वाटा असतो. म्हणून जुनं व्हिनिल एकाच वेळी वरून तेलकट आणि आतून कडक होत जातं.

हे सगळं पीव्हीसीबद्दल. तुमची गाडी १९७० च्या दशकातली, म्हणजे पॅनेलं पीव्हीसीचीच असणार. पण याहून बरीच जुनी गाडी असलेल्यांनी इथे थांबून खात्री करावी. आपण सरसकट ज्याला ‘रेक्झिन’ म्हणतो ते मूळचं ब्रिटिश रेक्झिन पीव्हीसीचं नव्हतं. ते नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेलं कापड होतं. त्यावर हे कोटिंग मारलं तर खालचा थरच विरघळू शकतो, शिवाय नायट्रोसेल्युलोज झपाट्यानं पेटतं. पॅनेलच्या मागे दुमडलेल्या कडेवर, जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथे कापसाच्या काडीनं थेंबभर अॅसिटोन काही सेकंद लावा. पीव्हीसी निस्तेज आणि चिकट होतं. नायट्रोसेल्युलोज विरघळून काडीवर येतं आणि खालची वीण दिसू लागते. तसं झालं तर हे उत्तर त्या पॅनेलसाठी नाही, आणि तिथे गरम काहीही नेऊ नका.

दुसरी खात्री कडक भागांची. दरवाज्याचं मधलं आवरण मऊ व्हिनिलचं असलं तरी खांबांवरची झाकणं, खिडकीच्या हँडलची चकती, हातटेकण्याचा खालचा भाग हे एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलीन या कडक प्लास्टिकांचे असू शकतात. एखादा सुटा, पोकळी नसलेला तुकडा पाण्यात टाकून पाहा. साधं पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं असल्यानं तरंगतं, एबीएस आणि पीव्हीसी बुडतात. एबीएसवर बहुतेक व्हिनिल कोटिंगं नीट बसतात. पॉलिप्रॉपिलीनवर अॅधेशन प्रमोटर, म्हणजे रंग चिकटावा म्हणून आधी मारायचा थर, लागतोच, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच त्याच्यावर रंगाचा पहिला हात जायला हवा.

तिसरी तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावरून काम करायचं की नाही ते ठरतं. पॅनेल काढल्यावर मागे दुमडलेली कड हळूच वाकवा. ती मऊपणे वळली तर उत्तम. कडकड आवाज आला, बारीक भेगा पडल्या, तर त्या व्हिनिलचा जीव गेलाय. रंगानं मऊपणा परत येत नाही आणि कुठल्याही क्रीमनं आत प्लास्टिसायझर भरला जात नाही. अशा पॅनेलवर नवं व्हिनिल चढवणं हाच खरा इलाज. याउलट, स्वच्छ धुऊनही दोनतीन दिवसांत पृष्ठभाग पुन्हा हाताला चिकटत असेल, तर आतून अजून पाझर चालू आहे. त्यावर मारलेला रंग आज ना उद्या मऊ पडेल.

आता तुमचं पोपडे निघालेलं पॅनेल. त्यावर बहुधा नेहमीचा इनॅमल किंवा अॅक्रिलिक स्प्रे गेला असावा. सुटलेला भाग रुंद पॅकिंग टेप घट्ट दाबून, झटक्यानं ओढून काढा. उरलेल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला फडका पाचेक मिनिटं ठेवा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. काही भाग हट्टानं तिथेच राहील. तो खरोखरच घट्ट असेल तर त्याची कड घासून सपाट करा आणि राहू द्या.

थिनर मात्र वापरू नका. हे मी स्वतः नुकसान करून शिकलोय. या कामाच्या पहिल्या वर्षी एका दरवाज्यावरचा जुना रंग लवकर निघावा म्हणून मी लॅकर थिनरचा फडका फिरवला. रंग निघाला, पण त्याबरोबर व्हिनिलचा रवाही गेला. चामड्यासारखी बारीक नक्षी होती तिथे तळहाताएवढा गुळगुळीत, चकाकणारा डाग पडला. तो कुठल्याच रंगानं झाकला जात नाही, उलट नव्या रंगाखाली जास्त उठून दिसतो. गाडी दुसऱ्याची होती. ते पॅनेल मी माझ्या खर्चानं नव्यानं मढवून दिलं. पोत एकदा गेला की परत आणता येत नाही.

धुण्याची माझी पद्धत अशी. पॅनेल गाडीतून काढा, गाडीत बसवलेलं ठेवून हे काम करू नका. काढताना क्लिपांसाठीचा चिमटा वापरा आणि तो क्लिपेच्या अगदी जवळ घालून उचला, कारण मागचा हार्डबोर्ड जुना असला की क्लिपेचं भोकच फाटून येतं. प्रत्येक बाजूचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवा, फोटो काढा. हार्डबोर्ड पाण्यानं फुगतो, म्हणून पॅनेल कधीही पाण्याखाली धरायचं नाही. फेस वापरायचा, पाणी कमी.

पहिली फेरी भांडी घासायच्या साबणाची, मऊ ब्रशनं, रव्याच्या दिशेनं आणि आडवीही. शिवणी आणि दाबून काढलेल्या रेघा यांच्यात दात घासायचा ब्रश. ओल्या फडक्यानं पुसून घ्या. फडका पांढराच असू द्या, त्याशिवाय काय निघतंय ते कळत नाही. दुसरी फेरी करड्या स्कॉच-ब्राइट घासणीनं, त्याच साबणासह. क्रमांक ७४४८ म्हणजे करडी, अतिबारीक. मरून रंगाची ७४४७ तिच्याहून खरखरीत असते, ती कडक प्लास्टिकसाठी ठेवा. हात हलका ठेवा. रव्याच्या खाचांतला मळ काढायचाय आणि वरची चमक मारायची आहे, रवा घासून काढायचा नाही. तिसरी फेरी व्हिनिलसाठीच्या प्रेप द्रावणाची (रंगाआधी पृष्ठभाग साफ करणारं द्रावण) किंवा वॅक्स आणि ग्रीस काढणाऱ्या क्लीनरची. एका फडक्यानं लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. तसंच वाळू दिलं तर विरघळलेला मळ जागच्या जागी परत बसतो, आणि अनेकांचं काम नेमकं इथे बिघडतं. फडक्याची बाजू सतत बदला आणि त्यावर काहीच उमटेनासं होईपर्यंत हीच फेरी पुन्हा करा. मला बहुतेक वेळा तीन ते चार फेऱ्या लागतात, हातटेकण्याच्या जागी त्याहून जास्त.

शेवटी पाणी शिंपडून पाहा. व्हिनिल काचेसारखं भिजणार नाही, म्हणून तुलनेसाठी ज्या भागाला कधी पॉलिश लागलं नाही तो घ्या, उदाहरणार्थ सीटच्या आड दडलेली पट्टी. तिथे पाणी पसरतंय आणि मधल्या भागावर मात्र गोल थेंब होऊन पळतंय, असं दिसलं तर सिलिकोन अजून शिल्लक आहे. डॅशबोर्ड चमकवणाऱ्या स्प्रेंमधलं सिलिकोन हा या कामाचा सगळ्यात मोठा शत्रू. त्यावर रंग पडला की तो गोल गोल मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. खड्डे पडलेच तर आणखी रंग मारून ते भरत नाहीत. थांबून, सगळं पुसून पुन्हा धुण्यापासून सुरुवात करावी लागते. असा स्प्रे त्या खोलीत मारूही नका, हवेतून आलेला अंशही पुरतो.

पांढऱ्या किंवा फिकट व्हिनिलवर गुलाबी डाग असतील तर ते घासून जाणार नाहीत. सूक्ष्मजीवांनी तयार केलेलं रंगद्रव्य प्लास्टिसायझरमध्ये विरघळून आत शिरलेलं असतं, आणि ते नव्या रंगातूनही वर येऊ शकतं. तुमचं व्हिनिल निळं आहे, तुम्हाला ही चिंता नाही.

काळ्या रंगाबद्दल. फिकटावरून गडद करणं सोपं, हे खरं. तरीही मी तुम्हाला मूळ निळ्याकडेच जायला सांगेन. एक कारण व्यवहाराचं: दाराच्या मागची दुमड, शिवणीच्या आतला भाग, हँडलखालची जागा इथे जुना निळा उरतो, आणि कुठे ओरखडा गेला की काळ्यातून तो लगेच डोळ्यात भरतो. निळ्यावर निळा ओरखडा कळतही नाही. दुसरं कारण मनापासून सांगतो. त्या काळी गाडीच्या आतला रंग बाहेरच्या रंगाशी जुळवून निवडलेला असे, आणि सगळं काळं केलं की गाडीचा काळच पुसला जातो. काळी पॅनेलं तापतातही जास्त. मूळ छटा कुठे सापडेल? खिडकीच्या हँडलच्या चकतीखाली, हातटेकणं काढल्यावर त्याच्या मागे, राखदाणीच्या खाचेत. तो भाग आधी धुवा आणि मग दिवसाच्या उजेडात जुळवा. मळकट तुकड्यावरून जुळवलेला निळा नेहमी हिरवट किंवा करडा येतो. चमकही जुळवा, मूळचं व्हिनिल बऱ्याचदा आपल्याला आठवतं त्याहून मंद असतं.

रंग तयार करून घेत असाल तर सगळ्या पॅनेलांना पुरेल एवढा एकदाच घ्या आणि सगळे डबे एका मोठ्या भांड्यात एकत्र करा. तयार स्प्रे डबे असतील तर एकाच बॅचचे घ्या. दोन डब्यांत फरक असेलच, म्हणून एक डबा एका पॅनेलच्या मध्यावर संपू देऊ नका.

आता खरा हात. त्याआधी दडलेल्या जागी नमुना मारा, २४ तास थांबा, नखानं ओरखडा, टेप चिकटवून ओढा. सुटला तर धुण्याकडे परत. हे एक दिवसाचं थांबणं लोकांना नको असतं, पण तुमचे पोपडे या एका दिवसात दिसून आले असते.

खोली आणि पॅनेल दोन्ही साधारण २० ते २५ अंश सेल्सिअसला असू द्या, पॅनेल काही तास आधी आत आणून ठेवा. दमट दिवशी मारू नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर टिपली जाते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. डबा दोन मिनिटं तरी जोरात हलवा. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. जवळून ओघळ येतात, लांबून रंग हवेतच वाळतो आणि हाताला पिठूळ लागतो. फवारा पॅनेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा.

पहिला हात नुसता शिडकावा. खालचा जुना रंग निम्म्याहून जास्त दिसतच राहायला हवा. तो पाहून पोटात गोळा येतो आणि हात आपोआप आणखी मारायला जातो. मारू नका. हा शिडकावा धरून ठेवणारा थर असतो, त्याच्यामुळे पुढचा रंग घसरत नाही. दहा मिनिटं थांबा, आणि डब्यावर जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा. मग तीन ते चार हलके हात, प्रत्येक आधीच्याला काटकोनात, म्हणजे रव्याच्या खाचा दोन्ही बाजूंनी भरतात. घड्या आणि उभे पट्टे असतील तर ते बोटांनी उघडून आधी आतून मारा. खालचा रंग झाकला गेला की थांबायचं. जाड थरानं रवा बुजतो, पॅनेल रंगवल्यासारखं दिसतं, आणि आत अडकलेला सॉल्व्हंट कितीतरी दिवस चिकट राहतो. काम चांगलं झालं तर पाहणाऱ्याला रंग दिलाय हे कळायलाच नको.

पॅनेलवरच्या चंदेरी पट्ट्या बऱ्याचदा धातूच्या नसतात, चकाकी दिलेल्या प्लास्टिकच्या फिल्मच्या असतात. त्यांना सॉल्व्हंट किंवा घासणी लावू नका, चकाकी उडाली की परत येत नाही. बारीक प्लास्टिकची मास्किंग टेप लावा, आणि शेवटच्या हातानंतर रंग स्पर्शाला कोरडा पण पूर्ण कडक झालेला नसताना ती स्वतःवर दुमडत सावकाश काढा. खालच्या बाजूला गालिचाची पट्टी असेल तर तीही कागदानं पूर्ण झाका, तुषार धाग्यांवर बसले की निघत नाहीत. सच्छिद्र व्हिनिल असेल तर आणखी हलके हात, भोकं बुजता कामा नयेत. एअरबॅगच्या झाकणावर रंग मारू नये. तुमच्या गाडीत एअरबॅग नसणार, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे असू शकते.

हे सगळं दार-खिडक्या उघड्या ठेवून, ज्योत आणि ठिणगीपासून लांब, सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क घालून करा. धुळीचा साधा मास्क वाफा अडवत नाही. हातात नायट्राइलचे मोजे घाला, तुमच्या त्वचेचं तेलही धुतलेल्या पॅनेलवर नको.

पॅनेल वाळत असताना दरवाज्यातली पॉलिथिनची फिल्म पाहून घ्या. ती फाटलेली असली की काचेवरून उतरलेलं पाणी हार्डबोर्डला लागतं, खालची कड फुगते आणि व्हिनिल सुटतं. रंग देण्याइतकंच ते काम महत्त्वाचं आहे, आणि पॅनेल निघालेलं असताना अर्ध्या तासात होतं. नवी फिल्म ब्यूटाइलच्या चिकट रबरी पट्टीनं चिकटवा, खालची कड दरवाज्याच्या आत वळवा.

पॅनेल बसवायला दोन दिवस तरी थांबा, आठवडा मिळाला तर फार बरं. सुरुवातीचे काही आठवडे कुठलाही क्लीनर नको, नंतर फक्त सौम्य साबणाचं पाणी. चमकवणारे सिलिकोनचे स्प्रे या पॅनेलांवर पुन्हा कधीच नकोत, कारण पुढे डागडुजी करायची वेळ आली की तुम्ही आज जिथे आहात तिथेच परत याल.

हातटेकण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. घाम आणि घर्षण यांमुळे तिथला रंग इतर पॅनेलच्या आधी झिजेल, काम कितीही चांगलं झालं तरी. मी त्या एका भागावर त्याच कंपनीचं मंद चमकेचं लवचीक क्लिअर (बिनरंगी कोटिंग) हलकंसं मारतो. आधी नमुन्यावर पाहा, छटा किंचित गडद होते. थोडा रंग बाटलीत घट्ट झाकून जपून ठेवा. आणि सुरुवात चालकाच्या दरवाज्यापासून करू नका. मागचं, सीटच्या आड निम्मं झाकलं जाणारं पॅनेल आधी घ्या, मग मागचे दरवाजे असतील तर ते, आणि चालकाचा अगदी शेवटी. तोवर तुमचा हात बसलेला असेल.